एकोणीस आसनांचे अर्थकारण

अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात ग्लासगो नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. आजूबाजूला गव्हाची शेते आणि गुरांची कुरणे. बिलिंग्ज हे राज्यातील मोठे शहर, पण तेथे मोटारीने जायला चार-साडेचार तास लागतात. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राने २०१८ साली प्रवासाच्या वेळेचा हिशेब मांडून, पाऊण लाखाहून अधिक वस्तीच्या शहरापासून सर्वांत दूर पडलेले गाव म्हणून ग्लासगोचेच नाव काढले होते. गावातून रेल्वे जाते, मात्र ती शिकागो ते सिएटल अशी पूर्व-पश्चिम धावते. दक्षिणेला असलेल्या बिलिंग्जसाठी तिचा काही उपयोग नाही. एवढ्या आडवळणाच्या गावाहून बिलिंग्जला नियमित विमान आहे. विमान नऊ प्रवाशांचे, दोन पंख्यांचे. शस्त्रक्रियेसाठी निघालेला रुग्ण, सुट्टीवर आलेला सैनिक, यंत्राचा सुटा भाग आणायला निघालेला शेतकरी असे त्याचे प्रवासी. त्यांच्या तिकिटांच्या पैशांतून फेरीचा खर्च निघत नाही आणि पुढे कधी निघेल अशी कोणाची अपेक्षाही नाही. कमी पडणारी रक्कम केंद्र सरकार भरते. आपल्याकडे तोट्यातल्या मार्गावरही एसटीची मुक्कामी गाडी जाते, त्यातलाच हा प्रकार.

लहान विमान तोट्यात का जाते हे समजायला फार गणित लागत नाही. एकशे ऐंशी आसनांच्या जेट विमानात दोन वैमानिक असतात आणि एकोणीस आसनांच्या विमानातही दोनच. पहिल्यात एका वैमानिकाचा पगार नव्वद तिकिटांवर विभागला जातो, दुसऱ्यात साडेनऊ तिकिटांवर. वैमानिकांचे प्रशिक्षण, विमा, देखभालीच्या नोंदी, तिकीटविक्रीची यंत्रणा यांचे खर्चही आसनांच्या प्रमाणात घटत नाहीत. त्यात फेऱ्या आखूड. इंजिनाची झीज केवळ तासांवर ठरत नाही, ते किती वेळा तापले आणि थंड झाले यावरही ठरते. दिवसभरात एकदाच लांबचा पल्ला मारणाऱ्या विमानापेक्षा आठ वेळा चढ-उतार करणारे विमान लवकर कार्यशाळेत जाते. शिवाय प्रवासी मोजके असल्याने दोघांनी बेत रद्द केला तरी त्या दिवसाचा हिशेब कोलमडतो. म्हणून लहान विमानांच्या धंद्यात एक प्रश्न कायम राहिला आहे: खर्चातला कोणता भाग कापता येईल? त्याचे उत्तर बहुतेक वेळा अभियंत्यांऐवजी नियमावलीने दिले. विमानाचे वजन किती, आसने किती, आत माणसे किती, हे सारे नियमांतल्या आकड्यांना चिकटून ठरत गेले.

अमेरिकेत १९३८ पासून विमानसेवेचे मार्ग आणि भाडी ठरवण्याचा अधिकार सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाकडे होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, म्हणजे १९४५ पासून, या मंडळाने लहान शहरांना मोठ्या शहरांशी जोडण्यासाठी वेगळ्या कंपन्यांना परवाने दिले. त्यांना फीडर म्हणत. पीडमाँट, ओझार्क, मोहॉक, फ्रंटियर ही त्यांतली काही नावे. युद्धातून मोकळी झालेली डीसी-३ विमाने स्वस्तात मिळत होती. तूट भरून काढायला टपाल होते: टपाल वाहून नेण्याचा मोबदला प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त धरला जाई आणि त्या आडून अनुदान दिले जाई. तरीही गाड्या रिकाम्या धावाव्यात तशी विमाने रिकामी उडत. अखेर मंडळाने अट घातली की, रोज सरासरी पाच प्रवासी मिळाले नाहीत तर गावाची सेवा जाईल. वापरा, नाही तर गमवा, असा तो सरळ हिशेब होता.

खरा धक्का मात्र फीडर कंपन्यांच्या भरभराटीमुळे बसला. १९६० च्या दशकात त्यांनी जेट विमाने घेतली. जेटला लांब धावपट्टी लागते, भरपूर प्रवासी लागतात आणि लांबचा पल्ला लागतो. ज्या गावांसाठी या कंपन्यांचा जन्म झाला होता, त्यांच्यापाशी यातले काहीच नव्हते. एकेक गाव सुटत गेले.

ती पोकळी हवाई टॅक्सीवाल्यांनी भरली. मंडळाने १९५२ साली एक सवलत दिली होती: उड्डाणाच्या वेळी १२,५०० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ५,६७० किलोपेक्षा, जास्त वजन नसलेली विमाने चालवणाऱ्यांना मार्गाचा परवाना लागणार नाही. त्या काळी इतक्या हलक्या विमानांचा कोणी गंभीरपणे विचारच करत नव्हते, म्हणून ही मोकळीक मिळाली असावी. पण पळवाट दिसल्यावर तिच्या मापाची विमाने तयार होऊ लागली. कॅनडातील डी हॅविलंड कंपनीचे ट्विन ऑटर हे विमान मे १९६५ मध्ये प्रथम उडाले. त्याच्या सर्वाधिक खपलेल्या ३०० मालिकेचे कमाल वजन नेमके १२,५०० पौंड आहे. टेक्सासमधील स्वेअरिंजन मेट्रोच्या दुसऱ्या आवृत्तीचेही तितकेच. एवढ्या वजनात दोन इंजिने, इंधन, सामान आणि एकोणीस माणसे बसवायची म्हणजे कसरतच होती, आणि आसने भरली तर टाकी पूर्ण भरता येत नाही, हा अनुभव वैमानिकांना नेहमीचा होता. १९७२ मध्ये मंडळाने वजनाची मर्यादा काढून तिच्या जागी तीस आसनांची मर्यादा आणली, तरी एकोणीस हा आकडा टिकलाच. कारण दुसरा नियम: प्रवाशांसाठी एकोणीसपेक्षा जास्त आसने असतील तर विमानात हवाई सेविका किंवा सेवक हवा. विसावे आसन बसवले की त्यावरच्या प्रवाशाच्या भाड्यातून एक पूर्ण पगार काढावा लागणार. तसे कोण करील? १९८२ साली पहिल्यांदा उडालेल्या बीचक्राफ्टच्या विमानाच्या नावातच हा आकडा आला आहे: बीच १९००. सुरक्षेच्या सूचना सहवैमानिकच मागे वळून देई. शौचालय नाही, चहा नाही, डोक्यावर सामानाचे कप्पे नाहीत. अशी सुमारे सातशे विमाने बनली.

हा पसारा मुख्यतः एका इंजिनाच्या बळावर उभा राहिला, त्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. पीटी-६ हे कॅनडातील प्रॅट अँड व्हिटनीचे टर्बोप्रॉप इंजिन १९६१ मध्ये प्रथम हवेत गेले. टर्बोप्रॉप म्हणजे मुळात जेट इंजिनच, फक्त त्याच्या उष्ण वायूचा झोत मागे सोडून विमान ढकलण्याऐवजी त्या वायूने चाक फिरवायचे आणि चाकाने पंखा. पीटी-६ मध्ये हवा मागच्या बाजूने आत येते, उलट्या दिशेने पुढे सरकते आणि जळालेला वायू पुढच्या टोकाजवळून, पंख्याच्या जरा मागे असलेल्या नळ्यांतून बाहेर पडतो. विमानाच्या नाकाशी काळवंडलेल्या दोन नळ्या दिसतात त्या याच. हवा दाबणारे चाक आणि पंखा फिरवणारे चाक एकमेकांना जोडलेले नसतात. दोहोंच्या मध्ये फक्त वायूचा दुवा असतो. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू करताना जड पंखा ओढत बसावे लागत नाही आणि दुरुस्तीसाठी पुढचा भाग वेगळा काढता येतो. पट्टीच्या टोकाशी एक पत्र्याची शेड आणि एक मेकॅनिक एवढीच सोय असेल तेथे ही गोष्ट मोलाची ठरते. पिस्टनच्या इंजिनापेक्षा ते महाग, पण कित्येक पटींनी भरवशाचे. ट्विन ऑटर, बीच १९००, सेस्ना कॅराव्हॅन, पिलाटस पीसी-१२ या सर्वांना पीटी-६च आहे. त्याची पन्नास हजारांहून अधिक इंजिने आजवर बनली आहेत. इंजिनाचा भरवसा इतका वाढला की १९९७ मध्ये अमेरिकी नियामकांनी कॅराव्हॅनसारख्या एकाच इंजिनाच्या विमानाला ढगांतूनही, केवळ उपकरणांच्या आधारे, भाड्याचे प्रवासी नेण्याची परवानगी दिली. एक इंजिन कमी झाले म्हणजे इंजिनांच्या देखभालीचा जवळजवळ अर्धा बोजा उतरला.

२४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमान वाहतूक खुली करणाऱ्या कायद्यावर सही केली. आता कोणत्या मार्गावर उडायचे आणि किती भाडे घ्यायचे हे कंपन्यांनीच ठरवायचे होते. परवानगी न घेता मार्ग सोडताही येणार होता, आणि ग्रामीण भागातल्या लोकप्रतिनिधींना धास्ती वाटली ती नेमकी याची. त्यांच्या समाधानासाठी कायद्यात एक योजना घातली गेली. नाव इसेन्शियल एअर सर्व्हिस, म्हणजे अत्यावश्यक विमानसेवा. त्या वेळी विमान कंपन्यांच्या परवान्यांवर नाव असलेली सातशेहून अधिक गावे तिला पात्र ठरली. मुदत दहा वर्षांची होती. तोवर बाजार आपली घडी बसवील, अशी समजूत होती. बाजाराने बसवलेली घडी या गावांच्या उपयोगाची नव्हती, तेव्हा योजनेला मुदतवाढ मिळाली आणि १९९६ मध्ये ती कायमची झाली.

तिचे कामकाज असे चालते. परिवहन खाते एखाद्या गावासाठी प्रस्ताव मागवते. कंपन्या विमान कोणते, फेऱ्या किती, कोणत्या मोठ्या विमानतळाला जोडणार आणि वर्षाला किती अनुदान हवे हे कळवतात. गावाचे मत विचारले जाते. सहसा दोन ते चार वर्षांचा करार होतो. पैसे मिळतात ते प्रत्यक्ष पूर्ण झालेल्या फेरीचे. बर्फाच्या वादळात विमान उभे राहिले तर त्या दिवसाचे काही नाही, वैमानिकाचा पगार मात्र चालूच. या योजनेचा पैसा कोठून येतो तेही पाहण्याजोगे आहे. त्यातला मोठा वाटा, अमेरिकेत न उतरता तिच्या आकाशातून पलीकडे जाणाऱ्या विमानांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काचा असतो. युरोपातून मेक्सिकोला निघालेल्या पर्यटकाला खाली ग्लासगो दिसतही नाही, पण तेथल्या रुग्णाच्या भाड्यात त्याचा हातभार लागलेला असतो.

टीकाकारांना मुद्दे कमी पडत नाहीत. नेवाडातील इली या गावात २०१० च्या सुमारास प्रवासी इतके घटले की दर माणसामागे अनुदान ३,७०० डॉलरच्या वर गेले. मोठ्या विमानतळापासून मोटारीने तास-दोन तासांवर असलेली गावेही यादीत होती, आणि तेथले लोक आपले फुकटसे विमान सोडून सरळ मोटारीने जात. त्यामुळे चाळण्या लागत गेल्या. मोठ्या विमानतळापासून २१० मैलांच्या आतल्या गावाला प्रवाशामागे दोनशे डॉलरची मर्यादा आली. पुढे, अंतर कितीही असो, हजार डॉलरच्या वर अनुदान नाही असे ठरले. मोठ्या विमानतळाजवळच्या गावांतून रोज किमान दहा प्रवासी चढले पाहिजेत ही अटही आली, म्हणजे जुने पाच दामदुप्पट होऊन परतले. अलास्काला यांतून वगळले आहे, आणि ते का हे पुढे येईल.

नऊ आणि एकोणीस या दोन आकड्यांमधली ओढाताण १९९० नंतर सुरू झाली. तोवर लहान विमानांना सौम्य नियम लागू होते. लागोपाठ झालेल्या अपघातांनंतर, तिकीट काढणाऱ्या प्रवाशाला विमानाच्या आकारावरून कमी सुरक्षा का, असा प्रश्न विचारला गेला. डिसेंबर १९९५ मध्ये निघालेल्या नियमाने दहा किंवा अधिक आसनांच्या सर्व नियमित सेवांना मोठ्या कंपन्यांच्या पंगतीत बसवले. प्रश्न रास्त होता आणि नियमही. पण एकोणीस आसनांच्या विमानाचा खर्च त्यामुळे वाढला आणि अनेक कंपन्या पन्नास आसनांच्या लहान जेटकडे वळल्या. बीच १९०० चे उत्पादन २००२ मध्ये थांबले.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलो शहराजवळ कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक, असे पन्नास जण ठार झाले. मृतांच्या नातेवाइकांनी नेटाने पाठपुरावा केला. २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून या सेवांतील सहवैमानिकालाही सामान्यतः दीड हजार तासांच्या उड्डाणाचा अनुभव आवश्यक ठरला. त्याआधी अडीचशे तासांवर नोकरी मिळू शकत असे. या अपघातातील दोन्ही वैमानिकांचा अनुभव दीड हजार तासांहून अधिकच होता. कायद्याने बोट ठेवले ते दुखणे या अपघाताचे नव्हते, ही गोष्ट मान्य करावी लागते.

परिणाम गावांनी भोगला. सहवैमानिकाची खुर्ची ही तरुणांची उमेदवारीची जागा होती, तीच आटली. डेन्व्हरहून डोंगराळ भागांतल्या आणि पठारावरच्या गावांना जोडणाऱ्या ग्रेट लेक्स एअरलाइन्सने यावर एक तोडगा काढला: आपल्या एकोणीस आसनी बीच १९०० मधली दहा आसने उपटून काढली. नऊ आसनांच्या विमानाला जुने, सौम्य नियम लागू होतात आणि सहवैमानिक कमी तासांचा चालतो. इंधन एकोणीस आसनांच्या विमानाचे, उत्पन्न नऊ तिकिटांचे. मार्च २०१८ मध्ये कंपनीची उड्डाणे थांबली.

मुळातच नऊ आसनांसाठी बांधलेले विमान वापरणारे तगले. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरची केप एअर ही त्यांतली सर्वांत परिचित. १९८९ मध्ये बॉस्टन ते प्रॉव्हिन्सटाउन या समुद्रावरच्या आखूड मार्गावर ती सुरू झाली आणि पुढे मोंटानापर्यंत पोहोचली. तिचे सेस्ना ४०२ हे पिस्टन इंजिनाचे विमान. स्वयंचलित चालक यंत्रणा असेल तर ते एकट्या वैमानिकाने चालवता येते. रिकाम्या उजव्या खुर्चीवर कधीकधी प्रवासीच बसतो. चढण्यापूर्वी प्रत्येकाला वजन विचारतात आणि त्यानुसार जागा ठरते. विमान जितके लहान तितका तोल नाजूक, त्यामुळे येथे खिडकीच्या हट्टाला वाव नाही. अडचण वेगळीच होती. सेस्ना ४०२ चे उत्पादन १९८५ मध्येच बंद झाले होते. तीस-पस्तीस वर्षांची विमाने नव्या भागांनी जगवत ठेवायची, की त्या जागी दुसरे शोधायचे? असे विमान बाजारात नव्हतेच. शेवटी इटलीच्या टेक्नाम कंपनीने केप एअरशी सल्लामसलत करून पी-२०१२ ट्रॅव्हलर हे विमान तयार केले. ते २०१६ मध्ये प्रथम उडाले आणि अर्थातच त्यात प्रवाशांची आसने नऊ आहेत.

अलास्कात प्रश्नाचे स्वरूपच बदलते. क्षेत्रफळ सुमारे सतरा लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या साडेपाच पट. त्यातली बहुसंख्य गावे रस्त्याने कशालाच जोडलेली नाहीत. राजधानी जूनोलाही बाहेरून रस्ता जात नाही. पश्चिमेच्या युकॉन-कुस्कोक्विम त्रिभुज प्रदेशात बेथेल हे मुख्य ठाणे आणि भोवती पन्नासेक गावे, मुख्यतः युपिक लोकांची. नद्या उन्हाळ्यात होडीचा आणि हिवाळ्यात गोठल्यावर हिमगाडीचा रस्ता होतात. बर्फ धरण्याच्या आणि वितळण्याच्या दिवसांत दोन्ही बंद. विमान खडीच्या पट्टीवर उतरते आणि गावकरी चार चाकांच्या उघड्या गाड्या घेऊन त्याच्या स्वागताला नव्हे, सामान उतरवायला येतात.

ते सामान म्हणजे टपाल असते, निदान कागदोपत्री. १९७० च्या दशकात सुरू झालेल्या बायपास मेल पद्धतीत दुकानदार पीठ, साखर, डायपर, शीतपेये असा किमान हजार पौंडांचा माल अँकरेज किंवा फेअरबँक्सला थेट विमान कंपनीच्या हवाली करतो. माल टपाल कार्यालयात जात नाही, म्हणून बायपास. दर मात्र पार्सलचा लागतो. विमान कंपनीला टपाल खात्याकडून खरे भाडे मिळते आणि मधला कोट्यवधी डॉलरचा तोटा टपाल खाते सोसते. माणसांपेक्षा डब्यांवर जास्त पैसा सुटतो हे पाहून काही कंपन्या केवळ टपालच उचलू लागल्या. तेव्हा २००२ मध्ये कायदा करून टपालाचा वाटा प्रवासी नेण्याशी बांधला गेला. बेरिंग सामुद्रधुनीतील लिटल डायोमीड बेटावर पट्टीला जागाच नाही. तेथे सरकारी अनुदानावर हेलिकॉप्टर जाते.

या सेवेची दुसरी किंमत अपघातांत मोजली जाते. खाली उतरणारे ढग, अचानक येणारे धुके, पंखांवर साचणारा बर्फ, आणि जमीन दिसत राहावी म्हणून वैमानिकाने गाठलेली धोक्याची कमी उंची. १९९९ पासून बेथेलच्या परिसरात कॅपस्टोन नावाचा प्रयोग झाला. लहान विमानांत उपग्रहाच्या आधारे स्वतःचे स्थान प्रक्षेपित करणारी यंत्रे आणि भूभागाचा नकाशा दाखवणारे पडदे बसवले गेले. अपघात ठळकपणे घटले. तेच तंत्र १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेतील बहुतांश नियंत्रित आकाशात सर्व विमानांना सक्तीचे झाले. मोठ्या कंपन्यांच्या जेटमधील ही सोय आधी सहा आसनांच्या सेस्नांनी तपासून दिली होती. तरी धोका पुरता सरलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये उनालक्लीटहून नोमला निघालेले एक कॅराव्हॅन समुद्रावरच्या बर्फात पडून दहा जण गेले. बर्फ साचण्याच्या हवामानासाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा त्यात सुमारे हजार पौंड जास्त वजन होते, असे प्राथमिक अहवालाने नोंदले.

भारताने हा मार्ग दोनदा धरला. २६ जानेवारी १९८१ रोजी सुरू झालेल्या वायुदूतने ईशान्य भारतापासून आरंभ केला आणि कानपूरला बनणारी डॉर्नियर २२८ विमाने देशभरच्या लहान शहरांना नेली. तोटा वाढत गेला आणि १९९३ मध्ये तिचे इंडियन एअरलाइन्समध्ये विलीनीकरण झाले. दुसरा प्रयत्न २०१६ च्या ‘उडान’ योजनेचा. मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार बसवून निधी उभारायचा, त्यातून लहान मार्गांची तूट भरायची, आणि सुमारे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा ठेवायची अशी तिची सुरुवातीची रचना होती. अनुदान विमानातील ठरावीक आसनांपुरतेच मिळते. विमानाच्या इंधनावरचा कर राज्यांनी एक टक्क्यावर आणायचा होता. २७ एप्रिल २०१७ रोजी योजनेची पहिली उड्डाणे झाली, त्यांत नांदेड-हैदराबाद होते. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई-जळगाव मार्गावर बीच १९००डी उतरले, म्हणजे अमेरिकेत निवृत्तीला आलेले एकोणीस आसनांचे तेच विमान. चालवणारी नवी एअर डेक्कन कोविडच्या काळात बंद पडली.

अमेरिकी योजनेपेक्षा ‘उडान’ एका बाबतीत मुळातच वेगळी आहे. तिचे अनुदान मार्गाला तीन वर्षेच मिळते. तेवढ्यात मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील असे धरले आहे. अमेरिकेने दहा वर्षे धरली होती आणि तीही पुरली नाहीत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांपैकी ५४ चालू होते.

जे टिकतात त्यांचा आकार पाहिला की दोन टोके दिसतात. एकीकडे सत्तर आसनांच्या आसपासची एटीआर-७२ आहेत. गोव्यातील मोपा विमानतळावरून मार्च २०२४ मध्ये सुरू झालेली फ्लाय ९१ ही कंपनी जळगाव आणि सिंधुदुर्गला तीच नेते. दुसरीकडे ओडिशातील जयपूर या आदिवासीबहुल भागातील शहराला भुवनेश्वरहून जाणारी इंडियावन एअरची नऊ आसनी कॅराव्हॅन आहेत. दोहोंच्या मधला एकोणीस आसनांचा पट्टा भारतात जवळपास रिकामा आहे. त्यात डॉर्नियर आणि ट्विन ऑटर यांच्या ईशान्येकडील व डोंगरी भागातल्या मोजक्या फेऱ्या तेवढ्या उरतात.